डिंकाबाईंचं नाक

७ जानेवारी, रविवार. दुपारी १.४०

अपमान झाला. चारचौघांत. तारीख लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.

एका अखंड कागदातून, एकही तुकडा सुटा न होऊ देता, डिंकाचा थेंबही न लावता कापलेला माझा हंस. एकोणीस दिवसांचं काम. डिंकाबाईंनी तो चष्म्यावरून बघितला, चष्म्यातून बघितला, आणि सगळ्या वर्गाला म्हणाल्या, की हा पंख्याखाली टांगू या, म्हणजे निदान हलेल तरी. वर्ग हसला. बेकरीवाली जरा जास्तच हसली. तिच्या स्वतःच्या कोलाजमधली गाय कुत्र्यासारखी दिसते, त्यावर मी कधी काही बोललो का? (एकदाच बोललो.)

डिंकाबाई हे नाव मी ठेवलंय. जुनी मासिकं फाडायची, तुकडे जमवायचे, डिंक थापायचा आणि त्याला कला म्हणायचं, हा बाईंचा धंदा. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी कागदकलेचा वर्ग घेतात. मी दीड वर्षं जातोय. शिकायला नव्हे, निरीक्षणाला. छापखान्यात एकतीस वर्षं कटिंग मशीनवर उभ्या राहिलेल्या माणसाला कागद कोण शिकवणार?

कापणारा तो कलावंत. चिकटवणारा तो चिकटवणारा. विषय संपला.

८ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.२५

पाचला उठणार होतो. गजराने दगा दिला. वाजला, पण फार हळू.

ठराव:
एक, डिंकाबाईंना कायमची अद्दल घडवणे.
दोन, वर्ग आपल्याकडे घेणे.
तीन, बेकरीवालीचा ब्रेड बंद.

सकाळी ८.१०. घरात खायला दुसरं काही नाही. ठराव तीन संध्याकाळपर्यंत स्थगित.

९ जानेवारी

ग्रंथपालांना अर्ज दिला. वर्ग डिंकाबाईंकडून काढून माझ्याकडे द्यावा, कारणं अकरा, पानं चार, समास सोडून. ग्रंथपालांना सगळे बघूसाहेब म्हणतात. छपराला आग लागलीय म्हणून सांगितलं तरी ते बघू म्हणतील. अर्ज वाचला, घडी केली, खणात टाकला आणि म्हणाले, बघू.

मी हे होकारार्थी घेतलंय. 'नाही' म्हणाले नाहीत.

१४ जानेवारी, रविवार

बातमी! १७ मार्चपासून वाचनकक्षात वर्गाचं प्रदर्शन. सगळ्यांनी एकेक काम द्यायचं. मधल्या गोल टेबलावर फक्त एकच काम, सगळ्यांत चांगलं. आणि पुढच्या वर्षी वर्ग कोणी घ्यायचा हे प्रदर्शनानंतर ठरवू, असं बघूसाहेब स्वतः म्हणाले. हे बोलताना माझ्याकडे बघितलं. मग डिंकाबाईंकडेही बघितलं, पण ते उगाच, लोकलाजेस्तव.

म्हणजे गोल टेबल माझं, की वर्ग माझा. मग ती पाटी: कागदकला वर्ग, आणि खाली माझं नाव. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या कडा कापल्या. एका तरी ठिकाणी आपलं नाव असावं की नाही? असावंच.

१५ जानेवारी. सकाळी ७.००

प्लॅन सुचला. ब्रश तोंडात होता तेव्हाच.

डिंकाबाईंचं डोकं! कागदाचं, खऱ्याच्या मापाचं. पावाचे काप एकामागे एक लावले की पाव होतो, तसे पुठ्ठ्याचे काप. मागच्या केसांपासून सुरुवात, कान, गाल, हनुवटी करत शेवटी नाकाचा शेंडा. आणि नाक सात सेंटीमीटर! खरं नाक अडीचचं आहे. (काल डोळ्यासमोर पट्टी धरून मोजलं.) बाई सतत नाकाने कांदे सोलतात, तेच लोकांना दाखवायचं. कामाचं नाव: 'अहंकार'. लोक हसतील, बाई लाजेने वर्ग सोडतील, बघूसाहेबांना माझा अर्ज आठवेल.

नियम: रोज चाळीस काप. त्याआधी चहा नाही.

१६ जानेवारी

चार काप. चहा तीन वेळा. डोकं तरतरीत नसेल तर डोकं कापता येत नाही.

एक तांत्रिक मुद्दा. काप एकमेकांना जोडायला काहीतरी लागणार. मी खळ वापरणार आहे. खळ म्हणजे डिंक नव्हे. खळ पिठाची असते, बाइंडिंगवाले वापरतात, तिला परंपरा आहे. हा मुद्दा कुणी काढलाच तर उत्तर तयार आहे.

२१ जानेवारी, रविवार

वर्गात तिसऱ्या बाकावरून दोन तास निरीक्षण. नोंदी: डावी भुवई उजवीपेक्षा वर, जन्मजात तुच्छतेमुळे. हनुवटीवर तीळ, तोही आगाऊ. कात्री चालवताना जिभेचं टोक बाहेर येतं. कान मोठे, पण दुसऱ्याचं ऐकण्यासाठी वापरलेले नाहीत. चष्म्याच्या काडीला कागदाची पट्टी गुंडाळलेली. स्वतःचा चष्माही चिकटवलाय!

बाईंनी माझी टक लावून बघण्याची पद्धत पाहिली आणि वर्ग सुटल्यावर म्हणाल्या, प्रेसवाले, आज लक्ष होतं तुमचं. मला प्रेसवाले म्हणतात. इस्त्रीवाल्यासारखं वाटतं ऐकायला. त्या घाबरल्यात हे उघड आहे.

आमची ही ऑक्टोबरपासून त्या वर्गात येते. मीच पाठवली, गुप्तहेर म्हणून. आज रिपोर्ट मागितला. म्हणाली, बाई छान शिकवतात हो, मला पाकळीला गोलाई द्यायला जमलं. हेरगिरीचं अंग लागतं, ते हिला नाही.

३१ जानेवारी

टार्गेटप्रमाणे सहाशे ऐंशी काप व्हायला हवे होते. झालेत एकोणनव्वद. पण डोक्याला एकूण तीनशे साठच लागतात, म्हणजे टार्गेटच चुकीचं होतं, मी बरोबर आहे.

बोट कापलं. बाई म्हणाल्या होत्या, की पातं बोथट झालंय, बदला. त्यांनी सांगितलं म्हणून बदललं नव्हतं. आता बदललंय, स्वतःच्या अनुभवावरून.

६ फेब्रुवारी. संध्याकाळी ५.३०

घरात भांडण. कारण: कान.

कपाट आवरताना हिला माझी वही सापडली. त्रेसष्ट पानं, प्रत्येक पानावर डिंकाबाईंचा कान. समोरून, बाजूने, मागून. प्लॅन गुप्त, त्यामुळे खुलासा करता येईना. मी म्हणालो, अभ्यास आहे. ही म्हणाली, अस्सं, अभ्यास. मग म्हणाली, आपल्या लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, माझ्या कोणत्या कानामागे तीळ आहे ते सांगा. मी कॉन्फिडन्सने उजव्या म्हणालो.

तिला तीळच नाही.

७ फेब्रुवारी

ही बोलत नाही. याचाही जाब डिंकाबाईंना द्यावा लागेल. माझ्या संसारात नाक खुपसण्याचं त्यांना काही कारण नव्हतं.

१८ फेब्रुवारी, रविवार

बाईंनी मला पहिल्या बाकावर बसवलं. लांबून डोळे ताणू नका म्हणाल्या. शत्रूला एवढ्या जवळ बसवणं हा मूर्खपणा आहे. तिळावर एक केसही आहे, हे आजच कळलं. नोंद केली. केसासाठी कागदाची पाव मिलिमीटरची पट्टी लागेल. जमवणार!

बेकरीवालीने विचारलं, काका, प्रदर्शनाला काय करताय. मी म्हणालो, कळेल. ती म्हणाली, पुन्हा बदक का? हंस होता तो! हिच्याकडचा ब्रेड आजपासून खरोखर बंद.

२६ फेब्रुवारी. सकाळी ११.००

नाक सोडून डोकं तयार. प्रत्येक टप्प्याला फळ्यांमध्ये दाबून, हवा काढून, मोजून घेतलं. माझ्यासारखं काम या गावात दुसरं कोणी करत नाही, हे इथे लिहायला हरकत नाही.

हिने चादर उचलून बघितलंच. मग म्हणाली, अगंबाई, बाईच की या! जिभेचं टोकसुद्धा. आणि एकदम खुलली. म्हणजे त्या वहीचं हे होतं होय, म्हणाली, मेलं मी काय काय मनात आणत होते. नंतर मला न मागता चहा मिळाला. मी ताकास तूर लागू दिली नाही. हिला वाटतंय मी कौतुकाने करतोय. वाटू दे.

४ मार्च, रविवार

वर्गाला दांडी. नाक!

नाकाला पुठ्ठा चालत नाही, जाड पडतो. पातळ कागद घेतला. दोनशे दहा चकत्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा केसभर लहान. दिवसभर कापत होतो. सुट्या रचून पट्टी लावली: सात पूर्णांक दोन! टेकून ठेवलं तर खुंटीसारखं दिसतं. एकटाच हसलो. ही दारातून डोकावली, तेव्हा खोकलो.

गुप्ततेसाठी खिडक्या तीन आठवडे बंद आहेत. त्याच खोलीत ही ओले कपडे वाळत घालते. कागद जरा फुगलाय, चकत्या वाकड्या झाल्यात. किरकोळ बाब.

८ मार्च

खळ लावून नाक फळ्यांत दाबलं. वर हिचं शिवणयंत्र ठेवलं. ही विचारत होती, शिवू कशावर. मी म्हणालो, कलेसाठी दोन दिवस कळ काढ.

९ मार्च. सकाळी ८.००

फळ्या उघडल्या.

सकाळी ८.०५. पट्टी चुकीची असेल.

सकाळी ८.२०. तीन पट्ट्या लावल्या. दोन पूर्णांक पाच.

अडीच सेंटीमीटर! हवा होती. सगळी हवा! दमट, वाकड्या, फुगलेल्या कागदाचा सुटा गठ्ठा मी मोजला. छापखान्यात नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी मी त्याच्या अंगावर ओरडायचो, की हवा काढल्याशिवाय गठ्ठा मोजशील तर हात मोडून ठेवीन. एकतीस वर्षं ओरडलो. आणि स्वतः? गाढवा! हात दाखवून अवलक्षण!

चूक कपड्यांची आहे. हिला तसं सांगितलं. ही म्हणाली, कपडे तुमचेच होते.

दुपारी १.००. नवीन चकत्या कापायला वेळ नाही, उद्या काम द्यायचंय. नाक लावलं. बसलं. फारच चांगलं बसलं, ही अडचण आहे.

दुपारी ४.३०. शांतपणे विचार केला. मोठं नाक हा स्वस्त विनोद झाला असता. आता विनोद सूक्ष्म आहे. जाणकाराला तुच्छता त्या भुवईतच दिसेल. उलट हे जास्त जिव्हारी लागणारं काम आहे. झालं ते उत्तमच झालं.

१० मार्च

डोकं वाचनालयात पोचवलं. फॉर्म हिने भरला, माझे हात खळीने भरले होते. 'कलाकृतीचं नाव' हा रकाना कोरा ठेवायला सांगितलं. 'अहंकार' हे नाव मी उद्घाटनाच्या वेळी सगळ्यांसमोर मोठ्याने जाहीर करणार आहे. आणखी एक रकाना होता, कोणाकडे शिकलात. हिने काहीतरी लिहिलं. मी लक्ष दिलं नाही.

बघूसाहेबांनी डोकं फिरवून फिरवून बघितलं. बघू म्हणाले नाहीत. काहीच म्हणाले नाहीत. जिंकलो!

१६ मार्च

उद्याचं वाक्य पाठ केलं. आरशासमोर अकरा वेळा. 'मित्रहो, या कलाकृतीचं नाव आहे: अहंकार.' यानंतर दोन सेकंद थांबायचं. मग बाईंकडे बघायचं.

१७ मार्च, शनिवार. रात्री ८.००

पहिल्यापासून लिहितो, तरच पचेल.

मधलं गोल टेबल. त्यावर माझंच डोकं. म्हणजे बाईंचं. भोवती सगळं गाव लोटलेलं. इथपर्यंत प्लॅनप्रमाणे. जवळ गेलो तर समोर छापील कार्ड: 'माझ्या बाई'. त्याखाली: 'एका विद्यार्थ्याकडून'. आणि मग माझं नाव! मी बघूसाहेबांना गाठलं, की हे कोणी लिहिलं. म्हणाले, नाव कोरं होतं, मग मीच दिलं. जन्मात पहिल्यांदा या माणसाने न बघता काही केलं, ते नेमकं माझ्या बाबतीत.

लोक हसतील म्हणून वाट बघितली. कोणी हसेना. कुजबुजत होते. बेकरीवाली तिळाजवळ वाकली आणि म्हणाली, केससुद्धा केलाय हो काकांनी, किती जीव लावलाय. तिच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, ओरडून सांगावं की जीव नाही लावलाय, बये, जीव घ्यायला निघालो होतो मी!

मग डिंकाबाई आल्या. गर्दी आपोआप बाजूला झाली. त्या डोक्यासमोर उभ्या राहिल्या. भुवई वर गेली, तीच, डावी. हात पुढे केला, पण लावला नाही. मग म्हणाल्या, की माझ्याकडे इतकं नीट आजवर कोणी बघितलं नव्हतं. आणि रडल्या. आवाज नाही, नुसतं पाणी. चष्मा काढून पदराने पुसला.

माझं वाक्य तयार होतं. तोंड उघडलं. बाईंनी माझे दोन्ही हात धरले. आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, की तुमच्याकडूनच शिकलो, बाई.

हे कोण बोललं, मला माहीत नाही. गर्दीत ऑक्सिजन कमी असतो. टाळ्या वाजल्या. आमची ही सगळ्यांत जोरात.

त्या रडत होत्या तेव्हा मला लाज वाटली. हे लिहितोय, पण फक्त इथे. राग गेलेला नाही. राग आहे तिथेच आहे.

१८ मार्च, रविवार. दुपारी १.००

आज निकाल लागला.

वर्ग सुटल्यावर बाईंनी मला थांबवलं. पिशवीतून एक पाकीट काढलं. म्हणाल्या, हे पत्र महिन्यापूर्वी लिहून ठेवलं होतं, बघूसाहेबांना काल द्यायचं होतं. मी वाचलं. गुडघे गेलेत, हॉलचा जिना आता चढवत नाही, तरी पुढच्या वर्षीपासून वर्ग सोडते आहे. आणि खाली: माझ्या जागी प्रेसवाल्यांना घ्यावं. वेळेवर येतात, हात सरळ आहे, तोंड वाईट आहे पण वर्ग सांभाळून घेईल.

माझं नाव. पूर्ण. प्रेसवाल्यांच्या पुढे कंसात, बाईंच्या अक्षरात.

मी म्हणालो, मग? त्या हसल्या. म्हणाल्या, कालचं बघितल्यावर माझा विचार बदलला हो. मला वाटायचं, इतकी वर्षं शिकवून कोणाला काय मिळालं. आता कळलं. आता हात चालतायत तोवर सोडायची नाही.

आणि माझ्या डोळ्यांदेखत पत्र फाडलं. सरळ फाडलं, कागदाचे तंतू जातात त्या दिशेने, एक कड वाकडी गेली नाही.

महिनाभर! महिनाभर ते पत्र त्या पिशवीत होतं. मी नुसता घरी बसून चहा पीत राहिलो असतो, तरी वर्ग माझा होता. हंसच ठेवला असता तरी! तीनशे साठ काप, दोनशे दहा चकत्या, एक बोट आणि बायकोचा अबोला, हे सगळं खर्चून मी माझी पाटी स्वतःच्या हाताने उतरवली.

मी काय बोललो? छान झालं म्हणालो. दुसरं काय बोलणार?

२१ मार्च

बघूसाहेबांकडे माझा अर्ज परत मागायला गेलो. म्हणाले, कुठला अर्ज? खण उघडला. त्यात अर्ज नव्हता. मग म्हणाले, बघू.

२५ मार्च, रविवार. सकाळी ८.१५

परवा प्रदर्शनात सगळे जमले होते, तिथे बाईंनी जिन्यावर उपाय काढला. वर्गाला तो फार आवडला. ही म्हणाली, हो हो, करतील की ते, त्यांना कुठे काय काम असतं.

आजच्या वर्गात नवीन लोक येणार आहेत. प्रदर्शन बघून एकवीस जणांनी नाव घातलंय. सगळ्यांना म्हणे त्या डोक्यासारखं काम शिकायचंय. बाईंकडून.

मी कोणालाही माफ केलेलं नाही. पण आता निघायला हवं. वर्ग साडेनऊला आहे आणि जिना अडतीस पायऱ्यांचा. त्यांच्या पिशव्या उजव्या हातात घ्यायच्या, डाव्या हाताने बाईंना धरायचं, आणि प्रत्येक सहाव्या पायरीवर थांबायचं, असं ठरलंय.